पर्यावरणाची उमेदवारी

अक्कलकोटाहून दुधनीकडे जाणाऱ्या वाटेवर, जेथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर सारख्याच सहजपणे बोलल्या जातात आणि जेथून कर्नाटकाची सीमा फार दूर राहत नाही, तेथे मैंदर्गी हे नगरपरिषदेचे लहानसे गाव वसलेले आहे. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस, तूर, उडीद, हरभरा आणि रब्बीची ज्वारी यांवर चालणारे संसार, आणि पदवीच्या शिक्षणासाठी अक्कलकोटास किंवा सोलापुरास जाणारी मुले-मुली, हे या टापूतील गावांचे परिचित चित्र आहे. अशा गावच्या विद्यार्थ्याने पर्यावरणाचे काम प्रत्यक्ष करून शिकावे, शिकत असता त्याला नियमित विद्यावेतन मिळावे, आणि त्यातून गावच्या पाण्याचा, कचऱ्याचा व झाडाझुडपांचा कारभार समजून-उमजून चालविणारे नेतृत्व निर्माण व्हावे, हा विचार प्रथमदर्शनी महानगरांना शोभणारा वाटण्याचा संभव आहे. परंतु हा विचार कोठे सर्वाधिक लागू पडत असेल, तर तो अशाच गावी, असे मला निश्चितपणे वाटते. मोठ्या शहरातील सुस्थित घरचा विद्यार्थी विनावेतनही शिकू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ते परवडत नाही. आणि पर्यावरणाचे जे प्रश्न आज अत्यंत निकडीचे होऊन बसले आहेत, ते पुष्कळसे या दुसऱ्या मुलाच्याच अंगणातले आहेत.

प्रथम विषय स्पष्ट करणे इष्ट होईल. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्याला अखेरच्या परीक्षेनंतर एक वर्ष रुग्णालयात आंतरवासिता करावी लागते आणि शासकीय महाविद्यालयात त्या वर्षाचे विद्यावेतन मिळते, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या हाती उद्या माणसाचा जीव सोपवावयाचा, त्याने आधी जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखाली काम करावे, आणि ते करीत असता त्याच्या पोटाची काळजी संस्थेने वाहावी, हे तत्त्व आपण तेथे निःशंकपणे मान्य केले आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रातील याच जातीच्या प्रशिक्षणाला आता सर्रास इंटर्नशिप म्हणतात. विद्यार्थी काही आठवडे अथवा काही महिने नगरपरिषदेत, वनखात्यात, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थेत किंवा प्रयोगशाळेत रुजू होतो. विहिरींची पातळी मोजतो, पाण्याचे नमुने तपासतो, झाडांची नोंद करतो, कचऱ्याचे वजन घेतो, लोकांशी बोलून त्यांचे म्हणणे टिपून ठेवतो, आणि शेवटी या सर्वांचा अहवाल लिहून तो संबंधितांपुढे मांडतो.

पर्यावरणाचे शिक्षण आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नोव्हेंबरात हा विषय शिक्षणात आणण्याचा आदेश दिला, २००३ च्या डिसेंबरात त्याची पुन्हा सक्त आठवण करून दिली, आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला, ज्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी सिद्ध केले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीस आणि प्रत्यक्ष निरीक्षणास स्थान आहे. तथापि पुष्कळ महाविद्यालयांत त्याचे पर्यवसान एका परीक्षेत आणि मागील वर्षीच्या प्रकल्पवहीवरून उतरून काढलेल्या प्रकल्पवहीत होते, ही खंत अनेक प्राध्यापक स्वतःच बोलून दाखवितात. यात विद्यार्थ्यांचा दोष मी थोडा मानतो. ज्या कामासाठी वेळ राखून ठेवलेला नाही, प्रवासाचा खर्च मंजूर नाही आणि ज्याचा निष्कर्ष कोणी वाचणार नाही, ते काम कोणीही मन लावून करणार नाही.

विनावेतन शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत किंवा न्यायालयाच्या दप्तरखान्यात शिरू पाहणारा तरुण महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, बिनपगारी उमेदवारी करीत असे. नकला उतरवाव्यात, दप्तरे बांधावीत, वरिष्ठ कारकुनाची मर्जी सांभाळावी आणि एखादी जागा रिकामी होण्याची प्रतीक्षा करावी, असा त्याचा नित्यक्रम असे. ही रीत कचेरीच्या सोयीची होती; परंतु तिचा सामाजिक परिणाम असा झाला की, ज्याच्या घरची चूल पेटण्याची तजवीज अन्यत्र झालेली असे तोच उमेदवारी करू शके, आणि कुणब्याच्या, विणकराच्या किंवा बलुतेदाराच्या मुलाला, त्याचे अक्षर कितीही वळणदार असले तरी, कचेरीच्या उंबरठ्याआत पाऊल टाकणे दुर्घट होऊन बसे. गावाच्या कारभाराची भाषा कोणाला समजावी आणि कोणाला समजू नये, याची वाटणी अशा रीतीने परस्पर होऊन गेली. पर्यावरणाच्या क्षेत्रात आज तीच वाटणी पुन्हा होऊ पाहते आहे. दुष्काळ ज्याने भोगला तो मोजणी शिकत नाही, आणि मोजणी शिकलेला मनुष्य दुष्काळी गावात अहवालापुरता येतो.

या वाटणीविरुद्ध महाराष्ट्रात एका थोर पुरुषाने आयुष्यभर काम केले, आणि त्यांचे स्मरण केल्यावाचून हा विषय पुढे नेता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले, आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पदवीच्या शिक्षणापर्यंत नेले. विद्यार्थी शेतात राबत, विहिरी खणत, इमारतींची कामे करीत, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्यांचे शिक्षण चाले. या योजनेचे मर्म असे की, श्रमाचा मोबदला हा विद्यार्थ्यावर केलेला उपकार नव्हता. त्याने केलेल्या कामाचे ते दाम होते, आणि म्हणून त्याची मान ताठ राही. पुढे राज्यातील विद्यापीठांनी ‘कमवा व शिका’ ही योजना उचलली. आज ती बहुधा ग्रंथालयात, कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या बागेत काही तासांचे काम देते. ते काम उपयुक्त आहे. परंतु साताऱ्याच्या मुलांनी जी विहीर खणली तिचे पाणी लोक प्यायले, आणि कामाचा लोकजीवनाशी असलेला तो सरळ संबंध आज योजनेत क्षीण झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी परंपरा रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली ही योजना १९७७ च्या अधिनियमाने कायद्यात रूपांतरित झाली. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड, म्हणजे ज्याला आज आपण पर्यावरणाचे काम म्हणतो तेच, करणाऱ्या हातांना मजुरी देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे महाराष्ट्राने सुमारे पन्नास वर्षांपूर्वी कायद्याने ठरविले. मातीचे काम करणाऱ्या मजुराला दाम मिळाला पाहिजे हे ज्या समाजाने इतक्या आधी ओळखले, त्याच समाजाने त्या बांधाची जागा कोठे असावी, पाणी किती मुरले आणि गाळ किती साचला हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र प्रमाणपत्रावर समाधान मानण्यास सांगावे, हे मला विसंगत वाटते.

या दोन परंपरा एकत्र आल्या तर काय घडू शकते, याचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. १९३३ साली त्या देशात बेकारीने कहर केला होता, आणि त्याच सुमारास अविचारी नांगरटीने व वृक्षतोडीने जमिनीची धूप भयावह झाली होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या दोन संकटांवर मिळून एकच उपाय योजला. ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या नावाने त्यांनी गरीब घरच्या अविवाहित तरुणांची पथके उभी केली. त्यांना महिन्याला ३० डॉलर वेतन ठरविले आणि त्यांपैकी २५ डॉलर परस्पर त्यांच्या घरी पाठविण्याची व्यवस्था केली. १९४२ पर्यंतच्या नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या पथकांतून गेले आणि त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडे लावली. स्त्रियांना या पथकांत स्थान नव्हते, हे त्यातील मोठे वैगुण्य होते, आणि आपण काही करू तेव्हा ते आपल्यात उतरता कामा नये.

या पथकांच्या दोन गोष्टी मला विशेष अनुकरणीय वाटतात. एक अशी की, आसपासच्या मुलुखातील अनुभवी लाकूडतोडे, सुतार, गवंडी व शेतकरी यांना पगार देऊन शिक्षक म्हणून नेमले जाई, कारण जंगलात कुऱ्हाड कशी धरावी हे शहरी मुलाला पुस्तकातून कळणार नव्हते. दुसरी अशी की, पथकातील जो तरुण इतरांची जबाबदारी घेई त्याला वरचा हुद्दा आणि वरचे वेतन मिळे: साहाय्यक नायकाला ३६ डॉलर आणि नायकाला ४५. नेतृत्व हे तेथे व्याख्यानातून शिकविले जात नव्हते. सोबत्यांचे काम वेळेवर आणि नीट होते की नाही याचा जाब ज्याला द्यावा लागतो, त्याच्या अंगी ते हळूहळू येत होते, आणि त्या जबाबदारीची किंमत हिशेबाच्या वहीत रोख लिहिली जात होती.

आता आपल्याकडील सद्यःस्थिती पाहू. वेतनासह प्रशिक्षण देणाऱ्या योजनांची वानवा नाही. केंद्र शासनाने ४ जून २०२० रोजी ‘ट्यूलिप’ या नावाची योजना सुरू केली, तिचा हेतू नागरी स्थानिक संस्थांत तरुणांना कामाचा अनुभव देणे हा होता, आणि मैंदर्गीसारखी नगरपरिषदही तिच्या कक्षेत येते. परंतु ती पदवीचा निकाल लागून फार काळ न लोटलेल्या पदवीधरांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा होते, आणि आरंभी सहा महिन्यांची असलेली मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु ज्याचे शिक्षण चालू आहे तो उमेदवार तीत पात्र नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली, तेव्हा तीत दरमहा ५,००० रुपये आणि एकरकमी ६,००० रुपये ठरले होते. परंतु तीही देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांतील प्रशिक्षणाची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला तिचे दार बंद होते.

याच्या जोडीला नव्या शैक्षणिक धोरणाची व्यवस्था ठेवून पाहावी. तिने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, सामुदायिक सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक दिले, ही स्वागतार्ह सुधारणा होय. कार्यप्रशिक्षण साधारणतः चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे असते. त्याला गुण मिळतात, पैसा मात्र मिळालाच पाहिजे असे बंधन नाही. अर्थात चित्र असे दिसते की, जो शिकणे सोडून बाहेर पडला त्याला विद्यावेतन आहे, आणि जो अजून शिकतो आहे त्याला केवळ गुण आहेत. ज्या वयात आणि ज्या टप्प्यावर मनुष्य आपली दिशा ठरवितो, तेथेच नेमकी मदतीची साखळी तुटलेली आहे.

हे १२० तास घरच्या हिशेबात काय पडतात, तेही पाहावे. दिवसाचे आठ तास धरले तर ते पंधरा दिवस होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने पंधरा दिवसांचे ४,६८० रुपये होतात, आणि रोजच्या जाण्यायेण्याचे भाडे व बाहेरचे खाणे वेगळेच. समजा, मैंदर्गीच्या एखाद्या विद्यार्थिनीला हे कार्यप्रशिक्षण सोलापुरातील संस्थेत मिळाले. तर अक्कलकोट ते सोलापूर एवढेच अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि तिची सुट्टी म्हणजे घरी तिच्या हाताची सर्वांत जास्त गरज असण्याचा काळ होय. अशा वेळी ती गावातच एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्क्याचे पत्र आणते, तर तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिच्यापुढे ठेवलेला पर्यायच तसा होता.

मैंदर्गीत या तासांचे काय करता येईल, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. लहान गावाचा एक मोठा लाभ असा की, ते संपूर्ण पाहता येते. मुंबईतील पर्यावरणाचा विद्यार्थी एखाद्या नाल्याचा तुकडा अभ्यासतो. येथे दहा विद्यार्थ्यांचे पथक एका वर्षात गावातील प्रत्येक विहीर, प्रत्येक जुने झाड, प्रत्येक गटाराचे तोंड आणि कचऱ्याची प्रत्येक जागा पाहून टिपून ठेवू शकते. शिवाय हे काम नव्याने शोधून काढावयाचे नाही. कायद्याने ते स्थानिक संस्थेवर आधीच सोपविलेले आहे. नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करण्यासाठी १९७५ साली झालेल्या राज्याच्या अधिनियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावयास हवी. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे कचरा प्रकारवार वेगळा व्हावा अशी अपेक्षा आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून चालू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांखाली स्थानिक संस्थांनी केलेल्या कामांचे मूल्यमापन होते, आणि त्यासाठीही आकडे लागतात.

यांतील जैवविविधता नोंदवहीची हकीकत बोधप्रद आहे. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना पुढे मांडली, तेव्हा गावच्या लोकांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या परिसराचे ज्ञान स्वतः लिहावे, असा तिचा आशय होता. पुढे वर्षानुवर्षे काम रेंगाळले, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि मग देशभर अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांकडून नोंदवह्या घाईने भरून घेण्यात आल्या. नोंदवही तयार झाली आणि गाव त्या ज्ञानापासून दूरच राहिले. मैंदर्गीच्या शिवारात कोणती बाभूळ, कोणता हिवर उरला आहे, हुरड्यासाठी कोणत्या ज्वारीचे बी कोणाच्या घरी अजून राखलेले आहे, माळरानावर कुसळी कोठे आणि पवन्या गवत कोठे येते, माळटिटवी कोणत्या महिन्यात दिसते, हे सांगणारी माणसे गावातच असतात, आणि ती पुष्कळदा कन्नडमध्ये सांगतात. दोन्ही भाषा जाणणारा स्थानिक विद्यार्थी हे ज्ञान जसे टिपू शकेल, तसे बाहेरून आलेल्या मनुष्याला टिपता येणे कठीण. सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ साली माळढोक पक्ष्याचे अभयारण्य झाले. आज त्या पक्ष्याचे तेथील दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. माळराने ही पडीक जमीन आहे, असे समजून आपण त्यांची जी उपेक्षा केली, तिचा तो परिणाम आहे, आणि आपल्या उरल्यासुरल्या माळांची नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे झाले आहे.

पाण्याचे काम याहून निकडीचे. या जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास; अक्कलकोट तालुक्याची मोठी भिस्त बोरी नदीवरील कुरनूर धरणावर. जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. या खडकात पाणी सर्वत्र सारखे पसरत नाही. झिजलेल्या थरात आणि भेगांत ते साठते, आणि म्हणून एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असते, तर शेजारच्या बांधापलीकडची विहीर माघातच तळ गाठते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. त्या विहिरी तालुक्याच्या मानाने थोड्या असणे अपरिहार्य आहे. विद्यार्थ्यांच्या पथकाने त्याच चार महिन्यांत, त्याच पद्धतीने, गावच्या आणखी चाळीस-पन्नास विहिरी मोजल्या, शेजारी पावसाची रोजची नोंद ठेवली, आणि असे तीन-चार वर्षे चालले, तर कोणत्या भागात पाणी मुरते, कोठे नवीन बोअर मारणे म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटविणे, आणि टंचाईच्या वर्षी टँकर कोठे आधी लागेल, याचे उत्तर तर्कावर सोडावे लागणार नाही. आणि पाणी नेहमी कमीच पडते असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात सीना नदीच्या पुराने शेते खरवडून नेली. दुष्काळ आणि पूर या दोहोंची नोंद एकाच वहीत ठेवावी लागेल, असे दिवस आले आहेत.

कचऱ्याविषयी फार लिहीत नाही. सलग सात दिवस प्रभागवार वजन करून घंटागाडीत प्रत्यक्ष काय येते हे पाहिले, म्हणजे खतनिर्मितीचा खड्डा केवढा हवा, हे नगरपरिषदेला नेमके कळेल.

नेतृत्वविकास या शब्दाला अलीकडे फार मोठा मान लाभला आहे. शिबिरे भरतात, व्याख्याने होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. त्यांचा मी अनादर करीत नाही; डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ उपक्रमाने शिबिरांच्या द्वारे कितीतरी तरुणांना आपल्या आयुष्याच्या प्रयोजनाचा विचार करावयास लावले, हे महाराष्ट्र जाणतो. मात्र तेथेही शिबिरानंतर प्रत्यक्ष काम असते, आणि काम करू इच्छिणाऱ्याच्या निर्वाहाचाही विचार केलेला असतो. मैंदर्गीच्या पथकापुरते बोलावयाचे, तर तेथील नेतृत्वाचे शिक्षण मला अगदी साध्या गोष्टींत दिसते. विहिरीची पातळी मोजावयास परवानगी मागताना शेतकरी काकांना काय सांगावे. आकडा चुकला असेल तर पुन्हा जाऊन मोजावा की अंदाजाने भरावा. सोबतीण दोन दिवस आली नाही तर तिचे काम कोणी करावे आणि तिच्या घरची अडचण कशी समजून घ्यावी. आणि शेवटी मुख्याधिकारी, नगरसेवक आणि गावकरी यांच्यापुढे उभे राहून, ज्या प्रभागातील आकडे वाईट आले आहेत त्या प्रभागाच्या प्रतिनिधीचा अवमान न करता, पण आकडाही न लपविता, तो कसा वाचून दाखवावा. हे ज्या मुलीला तीन वेळा करावे लागेल, ती पुढे नगरसेविका होवो, तलाठी होवो, शिक्षिका होवो किंवा केवळ जाणती शेतकरीण होवो, गावाच्या सभेत तिच्या शब्दाला वजन राहील.

यासाठी शिकविणारे कोण? अक्कलकोटचे सी. बी. खेडगी महाविद्यालय आणि सोलापूरजवळ केगाव येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांतील प्राध्यापक शास्त्रीय पद्धती शिकवू शकतील. परंतु अमेरिकेतील त्या पथकांप्रमाणे गावातील जाणत्यांनाही मानधन देऊन बोलवावे, असा माझा आग्रह आहे. पाणी पाहणारा वृद्ध, बी राखणारी आजी, मेंढ्या घेऊन माळ पायाखाली घालणारा धनगर, घंटागाडीवरचा सफाई कामगार, यांना शिक्षकाच्या जागी बसविले म्हणजे विद्यार्थ्याच्या मनातील पदवीचा अहंकार आपोआप गळून पडेल.

दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, सेवेला दाम लावल्याने सेवाभाव मरतो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली, आणि वर्षाला १२० तासांचे काम व दत्तक गावातील सात दिवसांचे शिबिर ती आजही विनामोबदला करून घेते. त्या श्रमदानाचे मोल मी जाणतो. परंतु सात दिवसांचे श्रमदान निराळे आणि वर्षभर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या विहिरीवर, उन्हापावसात जाण्याचे बंधन निराळे. पहिले उत्साहावर चालते. दुसऱ्याला शिस्त लागते, आणि शिस्त मागावयाची तर मागणाऱ्यानेही काही द्यावे लागते. दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींनी मुदत संपत आली तेव्हा कायम करण्याची मागणी केली, आंदोलने केली. त्यांची व्यथा खरी आहे. हाताला काम लागल्यावर ते सुटणे क्लेशकारकच असते. परंतु विद्यार्थ्यांच्या पथकाला हा प्रश्न तितका भिडत नाही, कारण त्याची मुदत पदवीबरोबरच संपते, आणि आरंभीच तसे लेखी सांगता येते.

राहिला खर्च. दहा विद्यार्थ्यांचे पथक धरू, त्यांपैकी किमान पाच मुली. आठवड्याला बारा तास काम आणि तासाला ६० रुपये दर धरला, तर महिन्याला प्रत्येकी सुमारे ३,००० रुपये होतात. पथकाची जबाबदारी घेणाऱ्या दोघांना ४,००० द्यावेत. महिन्याला ३२,००० रुपये, आणि परीक्षांचे दोन महिने वगळून दहा महिन्यांचे ३,२०,०००. मोजमापाची साधने, प्रवास, पाणी तपासणी आणि गावातील जाणत्यांचे मानधन यांसाठी आणखी ८०,००० धरले, तर वर्षाचे चार लाख रुपये होतात. वृक्षगणना, नोंदवही आणि कचऱ्याची मोजणी ही कामे नगरपरिषदेला कशीही करावयाची आहेतच, तेव्हा बाहेरच्या ठेकेदाराला द्यावयाचा पैसा या पथकाकडे वळविता येईल. विद्यापीठाने ‘कमवा व शिका’मधून काही भाग उचलावा आणि हेच काम कार्यप्रशिक्षणाच्या श्रेयांकांस पात्र धरावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावयास सांगितले आहे आणि पर्यावरण व शिक्षण हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, आणि अशा उद्योगांकडे जिल्ह्यातील नगरपरिषदांनी हा प्रस्ताव नेण्यास कोणतीच हरकत नाही.

हजेरीपत्रक नगरपरिषदेने ठेवावे, कामाची तपासणी महाविद्यालयाने करावी, आणि विद्यावेतन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावे. तीन महिन्यांनी एकदम मिळणारा पैसा एस.टी.च्या पासासाठी आज कामी येत नाही. नगरपरिषदांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चाच्या सुमारास मंजूर होतात, महाविद्यालये जूनमध्ये उघडतात, आणि पावसाची पहिली नोंदही जूनमध्येच घ्यावी लागते. तेव्हा पथकाच्या खर्चाचे शीर्ष अंदाजपत्रकात घालण्याचा विषय सभेच्या कामकाजपत्रिकेवर जानेवारीत आला पाहिजे, आणि त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिण्याचे काम दिवाळीनंतर, महाविद्यालय पुन्हा सुरू होताच, विद्यार्थ्यांनी स्वतः हाती घ्यावे.